सातव्या प्रश्नाचं उत्तर

चि. भिंगरी हिला काकाचे पोटभर आशीर्वाद, आणि काकूचेही. (तिचे वेगळे लिही असं तिने बजावलं होतं, पण कागद पुरेल की नाही याची धास्ती आहे.)

पत्राला फार उशीर झाला, त्याबद्दल आधीच माफी मागतो. तीन आठवडे रोज दुपारी लिहायला बसतो आणि रोज काहीतरी आडवं येतं. एकदा चष्म्याची दांडी निखळली, एकदा पेन कोरडं पडलं, एकदा अर्धं पत्र लिहून झालं आणि कागदाला सुरकुती दिसली म्हणून त्यावर इस्त्री फिरवली, तर कागदच करपला. यातलं एकही खरं कारण नाही. खरं कारण असं की मला तुला एक गोष्ट सांगायची आहे आणि ती फोनवर तोंडातून बाहेर पडत नाही. तू "बोला काका" म्हणतेस ते इतकं आनंदाने म्हणतेस की मी हवापाण्यावर बोलून फोन ठेवतो. तुझी काकू आत्ता समोर शेंगा सोलत बसली आहे आणि दर पाच मिनिटांनी विचारते आहे, "पोचलात का मुद्द्यावर?"

आधी तब्येतीचं. माझे गुडघे आहेत तिथेच आहेत. काकूचा रक्तदाब माझ्यामुळे चढतो आणि गोळीने उतरतो. तू वेळेवर जेवतेस ना? विचारलं की "हो काका" म्हणतेस, पण लहानपणीही तू "हो काका" म्हणूनच दुधाचा पेला खिडकीतून ओतायचीस, म्हणून माझा विश्वास बसत नाही. झोपही नीट घे. ऑफिसात पंख्याखाली बसू नकोस.

आता मुद्दा. (काकूने मान हलवली.) तू लिहिलेली ती बॅकअपची पुस्तिका एक तारखेला बाहेर जाणार आणि ती नीट गेली की तू नोकरीत कायम होणार, हे काकूने कॅलेंडरवर लाल पेन्सिलीने लिहून ठेवलं आहे. मी स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेलो की ती लाल तारीख माझ्याकडे बघते. तर त्या तारखेच्या आत तुला हे कळायला हवं की पुस्तिका वाचून मी जो दहा प्रश्नांचा कागद भरून पाठवला, त्यात एक उत्तर खोटं आहे. सातवं. लिहून टाकलं एकदाचं. बाकी सगळं क्रमाने सांगतो, कारण एकही पायरी गाळू नये असं तूच पहिल्या पानावर लिहिलं आहेस.

माझ्या मापाच्या वह्या तुला आठवत असतील. सात लांबड्या वह्या, प्रत्येक गिऱ्हाइकाला एक पान. नवीन माणूस आला की त्याचं पूर्ण माप: छाती, कंबर, खांदा, बाही, गळा, उंची, आणि शेवटी माझा शेरा. (डावा हात लांब. बसल्यावर पोट पुढे. घट्ट शिवा म्हणेल, सैल शिवावे.) पुन्हा तोच माणूस दोन वर्षांनी आला तर सगळं माप परत घ्यायचं नाही, जे बदललं तेवढंच खाली तारीख घालून टिपायचं. कंबर एक इंच जास्त. बाही तीच. एक्केचाळीस वर्षांत मी किती माणसं हळूहळू रुंद होताना पाहिली याची गणती नाही. मग त्या लाकडी कपाटाला वाळवी लागली. तिसऱ्या वहीतल्या अर्ध्या माणसांच्या छातीतून आरपार भोकं पडली. तू सुट्टीला आली होतीस, तुझा जुना कॉम्प्युटर मला दिलास, पानांचे फोटो कसे काढायचे ते शिकवलंस, आणि जाताना साबणाच्या वडीएवढी ती काळी पेटी हातात ठेवलीस. (तू तिला हार्ड डिस्क म्हणतेस. मला पेटीच सोपं वाटतं.) म्हणालीस, सगळं कॉम्प्युटरात ठेवा आणि त्याची एक प्रत रोज पेटीत जाऊ द्या. ती कशी जाऊ द्यायची हे सांगणारी पुस्तिका मीच लिहिते आहे, पहिली तुम्ही वाचा. तुम्हाला समजली तर जगाला समजेल. काकूच्या मते हा अपमान होता. मला तो मान वाटला. सातवीत शाळा सुटलेल्या माणसाकडे छापायच्या आधी पुस्तक वाचायला कोण देतं?

फोटो काढायला मला दोन महिने लागले. प्रत्येक पान आधी हलक्या हाताने इस्त्री करून घेतलं. (पत्राचा कागद करपला, वह्यांचा एकही करपला नाही, हे लक्षात घे.) मग पुस्तिका उघडली. दुसऱ्याच पानावर लिहिलं होतं, "गंतव्य फोल्डर निवडा." बाळ, आमच्याकडे गंतव्य हा शब्द फक्त कोणी गेल्यावर सभेत उभं राहून बोलणारे लोक वापरतात. त्या दिवशी मी पुस्तिका मिटून ठेवली. दुसऱ्या दिवशी काकूने वाचून सांगितलं की कुठे ठेवायचं ते दाखवा, एवढंच म्हटलंय. मी म्हटलं, मग एवढंच का नाही लिहिलं? तर म्हणाली, "तिचे साहेब शिकलेले आहेत ना, त्यांनाही वाचायचंय." पुढे "पूर्वनिर्धारित" आलं, त्याचा अर्थ तुम्ही काही केलं नाहीत तर आम्ही करू तो असा निघाला. मग "वारंवारता" आली. तिथे मी रोज दुपारी चार ही वेळ दिली, कारण चारला चहा असतो आणि मी हमखास जागा असतो. काम आपोआप होतं, जवळ बसायची गरज नाही, असं तू लिहिलं होतंस. पण शिलाई मशिनला मोटर बसवली तेव्हाही दुकानदाराने हेच सांगितलं होतं आणि आठव्या दिवशी माझ्या बोटातून सुई आरपार गेली होती. म्हणून मी रोज चार वाजता खुर्ची ओढून पेटीसमोर बसायचो. तिचा दिवा लुकलुकायला लागला की हात तिच्याजवळ धरून बसायचो, वायर निघू नये म्हणून. काकू चहा तिथेच आणून द्यायची आणि म्हणायची, "माझ्या बाळंतपणात इतके जवळ बसला असतात तर!"

पहिल्या दिवशी पेटीने सहा तास काम केलं. मला समाधान वाटलं, कामाला असा वेळ लागायलाच हवा. दुसऱ्या दिवशी अर्ध्या मिनिटात दिवा बंद झाला आणि पडद्यावर आलं, "बॅकअप यशस्वी." माझं डोकं फिरलं. काल सहा तास आणि आज अर्धं मिनिट? माझ्या दुकानात काजं करणारा एक कारागीर असाच होता. पहिल्या दिवशी मान मोडून काम केलं आणि दुसऱ्या दिवशी काजं न करता नुसती बटणं टाचून दिली. मी पुन्हा बटण दाबलं. पुन्हा अर्धं मिनिट. चौदा वेळा दाबलं. चौदाही वेळा यशस्वी. शेवटी काकूने पुस्तिकेचं अकरावं पान माझ्या नाकासमोर धरलं. तिथे तू लिहिलं आहेस की पहिल्यांदा सगळ्याची पूर्ण प्रत होते आणि त्यानंतर रोज फक्त जे नवीन आलं किंवा बदललं तेवढंच पेटीत जातं, त्याला वाढीव बॅकअप म्हणतात. अगं, मी ते तीनदा वाचलं आणि खुर्चीतून उठलो. हे तर माझं मापाचं पान! वर पूर्ण माप, खाली कंबर एक इंच जास्त! मी काकूला म्हटलं, मी एक्केचाळीस वर्षं वाढीव बॅकअप करतोय आणि मला कोणी सांगितलंसुद्धा नाही. ती म्हणाली, "छाती फुगवू नका, माप बदलेल."

तर अशा आनंदात मी तुझा दहा प्रश्नांचा कागद भरायला घेतला. सहा प्रश्न झाले. सातवा होता, "तुम्ही पुनर्स्थापना करून पाहिली का?" म्हणजे पेटीतलं सामान परत कॉम्प्युटरात आणून पाहिलं का. मी पाहिलं नव्हतं. मला ते विचित्रच वाटलं. सगळं जागच्या जागी असताना परत काय आणायचं? नवा कोट शिवल्यावर तो उसवून बघतं का कोणी, पुन्हा शिवता येतो की नाही म्हणून? पण "नाही" लिहायला पेन धजेना. मला वाटलं, एक "नाही" दिसला की साहेब तुझा एक गुण कापतील. शाळेत माझे असेच गेले होते. म्हणून मी "होय" लिहिलं. आणि खोटं एकटं राहत नाही, म्हणून शेजारी "अतिशय सुलभ" असंही लिहिलं.

चार दिवसांनी तुझा फोन आला. आवाज इतका चढलेला की काकूने फोन कानापासून लांब धरला. साहेब म्हणाले, म्हाताऱ्या शिंप्याला पुनर्स्थापनासुद्धा जमली म्हणजे पुस्तिका पास! तू हसत होतीस, काकू डोळे पुसत होती आणि मी भिंतीकडे तोंड करून उभा होतो. तेव्हाच बोलायला हवं होतं. पण मला वाटलं, त्यात बिघडलं काय, कोणाचं काय गेलं?

आता काय गेलं ते सांगतो.

सात वह्या मी टाकून दिल्या. पुस्तिकेच्या तिसऱ्या पानावर तू लिहिलंस की कोणतीही महत्त्वाची गोष्ट दोन ठिकाणी असावी. कॉम्प्युटर एक आणि पेटी दोन, झालं की. वह्यांतली वाळवी गादीपर्यंत आली होती. काकू म्हणत होती, राहू द्या, औषध मारून बाहेर ठेवू. मीच ऐकलं नाही. पुस्तिका दाखवून तिच्याशी भांडलो आणि स्वतः कचऱ्याच्या गाडीपर्यंत नेऊन दिल्या. त्यानंतर आठवड्याने पडद्यावर आलं, "जागा कमी आहे." पेटी पहिल्याच प्रतीने गळ्यापर्यंत भरली होती. मी घाईने एकोणिसावं पान काढलं. तिथलं वाक्य आता मला झोपेतही पाठ आहे. "नवीन बॅकअप यशस्वीरीत्या पूर्ण झाल्यानंतर, जागेची आवश्यकता असल्यास, जुने बॅकअप काढून टाकता येतात."

यात माझा धंदा आडवा आला, भिंगरे. दुसऱ्या कोणी ही चूक केली नसती. आमच्याकडे जुनं माप घरात ठेवणं हा गुन्हा आहे. एखादा माणूस आजारातून उठला किंवा फारच सुटला की त्याचं नव्याने पूर्ण माप घेतात, आणि ते झालं रे झालं की जुन्या पानावर लाल फुली मारून कोपरा कापतात, नाहीतर चुकून त्याच मापावर कापड बेतलं जातं. माझ्या हातून हे एकदाच झालं. बँडमास्तरांचा कोट मी चार वर्षं जुन्या मापावर कापला. त्यांनी भर मैदानात सनई फुंकायला छाती भरली आणि वरची दोन बटणं ढोलवाल्याला लागली. तेव्हापासून मी कानाला खडा लावला की नवं आलं, जुनं काढा. पडद्यावर यादी होती. खाली छोट्या छोट्या नव्या प्रती आणि सगळ्यात वर सगळ्यात जुनी, सगळ्यात लठ्ठ. मी तिच्यावर बोट ठेवलं. कॉम्प्युटरने विचारलं, "तुम्हाला खात्री आहे का?" मला आयुष्यात कशाचीच खात्री नसते. दाराला कुलूप लावून मी तीनदा परत येतो, हे तुला ठाऊक आहे. पण तुझी पुस्तिका समोर उघडी होती, म्हणून त्या दिवशी खात्री होती. मी "होय" दाबलं.

अजूनही काही बिघडलं नव्हतं, कारण सगळं कॉम्प्युटरात होतंच. दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटर कट कट कट असा आवाज करायला लागला. तो आवाज मी जन्मभर ऐकला आहे. मशीन कोरडं पडलं की असंच वाजतं. त्यावर उपाय एकच. मी कुप्पी घेतली आणि मागच्या जाळीतून तेलाचे चार थेंब सोडले. (काकू म्हणते अर्धी कुप्पी. चार थेंब आणि अर्धी कुप्पी यांच्यामध्ये कुठेतरी धर.) आवाज थांबला. मी खूश झालो. मग लक्षात आलं की बाकीही सगळं थांबलं आहे.

बाजारात कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या एक बाई आहेत, गंभीर चेहऱ्याच्या, तोंडात कायम स्क्रू. त्यांनी झाकण उघडलं, आत बोट फिरवलं, बोटाचा वास घेतला आणि म्हणाल्या, "आजोबा, तळायला ठेवला होता का?" मी सगळं सांगितलं. त्यांनी तोंडातले स्क्रू काढून टेबलावर ठेवले. मग म्हणाल्या की कॉम्प्युटरातली ती डिस्क आधीच मरायला टेकली होती, आवाज त्याचाच होता, तेलाने काही झालं नाही, जीव लावून घेऊ नका. घरी येताना काकू म्हणाली, "फार सज्जन बाई आहे हो." म्हणजे काय ते मी विचारलं नाही.

बाईंनी नवी डिस्क बसवून दिली. मी पेटी जोडली, सत्ताविसावं पान उघडलं आणि पुनर्स्थापना केली, आयुष्यात पहिल्यांदा. खरंच अतिशय सुलभ आहे गं. तेवढं मी खोटं लिहिलं नव्हतं. अर्ध्या मिनिटात झाली. पेटीतून अकरा चिठ्ठ्या बाहेर आल्या. फोटो काढून झाल्यावरच्या दिवसांत जी गिऱ्हाइकं आली, त्यांच्यातले बदल मी चिठ्ठी म्हणून टाइप करून ठेवले होते, तेवढेच. बँडमास्तर, कंबर दोन इंच जास्त. दातांचे डॉक्टर, गळा अर्धा इंच कमी. कशापेक्षा जास्त? कशापेक्षा कमी? जगात कुणाची तरी कंबर दोन इंचांनी वाढली आहे एवढं मला ठाऊक आहे, पण ती मुळात किती होती हे सांगणारा कागद मीच पुसला. तेव्हा समजलं की ती सगळ्यात वरची लठ्ठ प्रत जुनी नव्हती, ती पहिली होती. बाकीच्या सगळ्या तिच्यावर टाचलेल्या होत्या.

जिवंत माणसांची मापं परत घेता येतात. मी टेप गळ्यात टाकून सकाळी निघतो. आतापर्यंत सव्वीस झाली. बँडमास्तरांनी माप देताना असा श्वास आत ओढला की मला दहा मिनिटं हवामानावर बोलावं लागलं, तेव्हा कुठे सुटला. दातांच्या डॉक्टरांना सवयच अशी की मी गळ्याला टेप लावला आणि ते म्हणाले "आ करा", आणि मी केला. मग त्यांनी माझी एक दाढ हलते आहे असं सांगितलं. म्हणजे मी गेलो माप आणायला आणि परत आलो तारीख घेऊन. लोक विचारतात, मास्तर, आमचं माप तर होतं ना तुमच्याकडे? मी म्हणतो, होतं, पण पुन्हा भेटावंसं वाटलं. हे दुसरं खोटं. निदान त्याने कोणाचं नुकसान नाही, आणि चहा मिळतो.

पण तुझ्या बाबांचं पान गेलं. ते मी सगळ्यात आधी शोधलं. तो गेला तेव्हा तू नऊ वर्षांची होतीस, तुला कोट आठवत असेल, माप कुठून आठवणार? मला बरंचसं पाठ आहे. छाती अडतीस, बाही साडेतेवीस, गळा पंधरा. त्याचा उजवा खांदा डाव्यापेक्षा उतरता होता, म्हणून मी आत कापडाची गादी घालायचो आणि त्याला कधी सांगितलं नाही. पण किती उतरता? अर्धा इंच की पाऊण? तीन आठवडे मी डोळे मिटून त्याला आरशासमोर उभा करतो, टेप लावतो, आणि आकडा येतो तिथे तो हलतो. धाकटा भाऊ तो, माप देताना कधी सरळ उभा राहिलाच नाही. तू त्याच्या खांद्यावर बसून बाजारात जायचीस. उजवीकडे घसरायचीस का गं? फार घसरायचीस की थोडीशी? हसू नकोस, आणि रडूही नकोस. आठवलं तर सांग.

मी तुला दोष देत नाही. पुस्तिका चांगली आहे, अकरावं पान तर फार चांगलं आहे. पण एकोणिसाव्या पानावर जुनं कशाला म्हणायचं हे लिहिलेलं नाही. ज्याला येतं त्याला ते कळतं. ज्याला येत नाही, तो आपापल्या धंद्याप्रमाणे अर्थ लावतो. शिंपी जुनं माप फाडतो. औषधवाला जुनी बाटली फेकतो. मी सातव्या प्रश्नाला "नाही" लिहिलं असतं तर तू मला फोनवरून करायला लावलं असतंस, मी विचारलं असतं की जागा कमी पडली तर कुठली काढू, तू ओरडली असतीस, आणि हे वाक्य तेव्हाच दुरुस्त झालं असतं. तुझा एक गुण वाचवायला गेलो आणि घोळ करून बसलो. माझ्या तोडक्या भाषेत ते वाक्य असं हवं: "पहिली पूर्ण प्रत कितीही जुनी झाली तरी काढू नका. नंतरच्या सगळ्या प्रती तिच्याच आधाराने उभ्या आहेत. ती गेली तर बाकीच्यांचा उपयोग नाही. जागा कमी पडली तर आधी दुसऱ्या पेटीत नवीन पूर्ण प्रत करा, तिच्यातून सामान परत येतं का ते बघा, मगच जुनीला हात लावा. समजलं नाही तर थांबा आणि कोणाला तरी विचारा." साहेबांना लांब वाटेल. त्यांना म्हणावं, कापड कमी असेल तर बाही आखूड करा, खांदा आखूड करू नका.

आता दमलो. काकूच्या शेंगा कधीच्या संपल्या आहेत, ती नुसती टोपली मांडीवर घेऊन बसली आहे.

तुझा चुकलेला,
काका

ता. क. या पाकिटात वेगळे दोन कागद ठेवले आहेत, दोन्ही साहेबांच्या नावे, दोन्हींवर माझी सही आहे. पहिल्यात लिहिलं आहे की मी अर्धशिक्षित म्हातारा माणूस, पुस्तिका न वाचताच बटणं दाबली, कॉम्प्युटरात तेल घातलं, पुस्तिकेत कसलाही दोष नाही. दुसऱ्यात लिहिलं आहे की सातव्या प्रश्नाचं माझं उत्तर खोटं होतं, आणि एकोणिसाव्या पानावरच्या वाक्यामुळे माझी सगळी मापं गेली, तरी ते पान दुरुस्त केल्याशिवाय पुस्तिका बाहेर पाठवू नये. तुझी नोकरी ज्याने टिकेल तो कागद दे आणि दुसरा फाडून टाक. कोणता दिलास ते मी कधीही विचारणार नाही. खरं म्हणजे एवढ्याचसाठी हे पत्र लिहिलं. बाकीचा मजकूर धीर गोळा करण्यासाठी होता.

आणखी ता. क. तुझं स्वतःचं मापही गेलं, पहिल्या फ्रॉकपासूनचं. ते फोनवर सांगू नकोस, चालणार नाही. माझा नियम आहे, नवं पान उघडायचं तर माणूस समोर उभा हवा.

पुन्हा ता. क. पाकीट चिकटवायला काकूकडे दिलं होतं. हातात परत आलं तेव्हा हलकं लागलं. मी म्हटलं, यात काहीतरी कमी आहे. म्हणाली, "एक कागद मी काढलाय." मी वाफेवर पाकीट उघडलं. पहिला नाही. दुसरा तेवढा आहे. मी खूप बोललो, पोरीची नोकरी जाईल म्हटलं, सहा वर्षं शोधून मिळाली आहे म्हटलं. ती ऐकून घेत होती आणि कागदाचे बारीक तुकडे करून टोपलीत टाकत होती. मग म्हणाली, "अहो, तिच्यासाठी एकदा खोटं लिहिलंत, त्यात तिच्या बापाचं पान गेलं. आता दुसऱ्या कोणाचं घालवायचंय?" पहिला कागद पुन्हा लिहावा तर ती समोरून हलत नाही, आणि खरं सांगायचं तर माझाही हात उठत नाही. तेव्हा तुझ्या हातात आता एकच कागद आहे आणि तो तुला जड जाणार आहे, हे मला ठाऊक आहे. कायम झालीस की नाही ते सावकाश कळव. रागावली नाहीस एवढं मात्र लगेच कळव. फोन नको, मला बोलता येणार नाही. एक ओळ लिही, उलट टपाली. टपालवाला आमच्याकडे साडेअकराला येतो, मी अकरापासून दारात असतो.